काळे कुंकू

जुन्या घरांतून दिवाणखान्याच्या भिंतीवर, छताच्या जवळ, जरासे पुढे झुकवून टांगलेले जे फोटो असतात, त्यांतील एखाद्या आजीबाईंच्या कपाळाकडे निरखून पाहावे. आडवी चिरी असो की रुपयाएवढे कुंकू असो, ते काळेभोर दिसेल. लुगडेही काळे, खण काळा. मग घरातली जाणती मंडळी आपापले तर्क लढवतात. कोणी म्हणतो आजी वारकरी होत्या, तो बुक्का आहे. कोणी म्हणतो अंगावर चंद्रकळा आहे, तेव्हा फोटो संक्रांतीचा असला पाहिजे. तर्क मोठे डौलदार असतात आणि बहुधा साफ चुकलेले असतात. कुंकू लालच होते, आणि लुगडेही पुष्कळदा लाल, डाळिंबी किंवा किरमिजी होते. ते काळे झाले कॅमेऱ्याच्या आत, फिल्मवर.

आजवर हा प्रकार थट्टेवारी नेण्यासारखा होता. परंतु अलीकडे संगणकाकडून जुने फोटो रंगवून घेण्याची जी टूम निघाली आहे, तिने प्रकरण गंभीर झाले आहे. यंत्राला आजींच्या लुगड्याचा रंग ठाऊक नसतो. ते करड्या छटेवरून अंदाज बांधते. गडद दिसले की गडद रंग भरते. कपाळावर काळी टिकली, अंगावर काळे वस्त्र आणि चेहरा प्रत्यक्षाहून दोन छटा काळवंडलेला, अशी एक निराळीच बाई चौकटीतून आपल्याकडे पाहू लागते. आणि नातवंडे तीच आपली पणजी म्हणून मोबाइलवर जपून ठेवतात. गोऱ्या-काळ्याचे स्तोम माजवावे असा येथे मुळीच हेतू नाही. ते आपल्या समाजात आधीच फार माजलेले आहे. प्रश्न साक्षीचा आहे. घरात दुसरा पुरावा उरलेला नसताना फोटोची साक्ष घ्यायची, तर साक्षीदाराची दृष्टी कशी होती हे आधी विचारायला नको काय?

हा विषय डोक्यात घोळू लागला तो भोपाळच्या जवाहर चौकातील एका बिऱ्हाडात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांबरोबर पुष्कळ मराठी कुटुंबे तेथे आली. तात्या टोपे यांचे नाव दिलेल्या नगरातील सरकारी क्वार्टरांत आणि जवाहर चौकाच्या आसपास त्यांचे संसार मांडले गेले. येताना ट्रंकांतून पितळेचे देव आले, तसे फोटोंचे आल्बम आणि निगेटिव्हांचे डबेही आले. २०१६ नंतर ‘स्मार्ट सिटी’च्या कामासाठी त्या भागातील जुनी क्वार्टरे पाडली जाऊ लागली, तेव्हा माळ्यांवरून हे डबे पुन्हा खाली उतरले. देव नव्या फ्लॅटमध्ये गेले. डब्यांचे काय करावे, हे मात्र पुष्कळांना समजेना.

गंमत अशी, की फिल्मच्या या दृष्टिदोषाच्या इतिहासात खुद्द भोपाळचा धागा आहे. १८६२ साली जेम्स वॉटरहाउस नावाचा वीस वर्षांचा लष्करी अधिकारी मध्य हिंदुस्थानातील लोकांची छायाचित्रे घेत हिंडत होता. तो भोपाळला आला आणि त्याने सिकंदर बेगम यांचे व शाहजहान बेगम यांचे फोटो घेतले. ‘पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे जे आठ खंड पुढे निघाले, त्यांसाठी त्याच्या या दौऱ्यातील चित्रे उपयोगी पडली. त्याची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी धुऊन काढायची. तंबू, बाटल्या, पाणी, सारे लटांबर बरोबर. आणि एवढे करून त्या काचेला दिसे काय? निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिजांभळा प्रकाश. हिरवे, पिवळे, तांबडे सारे तिच्या लेखी अंधार. तेव्हा बेगमसाहेबांच्या पोषाखाच्या रंगांविषयी त्या चित्रांवरून कोणी छातीठोक बोलू लागला, तर त्याचे ऐकू नये.

हाच वॉटरहाउस पुढे कलकत्त्यास सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत छायाचित्र विभागाचा प्रमुख झाला. नकाशांच्या प्रती काढण्याचे काम तेथे चाले. १८७३ साली बर्लिनमध्ये फोगेल याने असे दाखवले होते, की काचेवरील थरात काही विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर तिला हिरवा-पिवळा प्रकाशही जाणवू लागतो. वॉटरहाउसने १८७५ साली कलकत्त्यात इओसिन हे द्रव्य या कामी उत्तम असल्याचे शोधून काढले. इओसिन म्हणजे तांबड्या शाईत घालतात तेच. ते हिरवा-पिवळा प्रकाश शोषून घेते आणि आपल्याला चिकटलेल्या चांदीच्या कणाला त्याची वर्दी देते. तांबड्या शाईने आंधळ्या काचेला हिरवा रंग दाखवला! (भिंगात सरकवायच्या छिद्राच्या पट्ट्यांना ‘वॉटरहाउस स्टॉप’ म्हणतात, तो वॉटरहाउस निराळा.)

या सुधारलेल्या जातीला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. धंद्यातील लोक नुसते ‘ऑर्थो’ म्हणत. निळा दिसतो, हिरवा दिसतो, पिवळा बराचसा दिसतो. तांबडा मात्र दिसत नाही. आपल्या बहुतेक जुन्या आल्बमांवर राज्य केले ते या ऑर्थोने. तांबडे दिसत नसल्याचे फायदेही होते. जुन्या घडीच्या कॅमेऱ्याच्या पाठीला एक तांबडी काच बसवलेली असते. तिच्यातून रोलच्या कागदावरचे आकडे पाहत फिल्म पुढे सरकवायची. काच तांबडी का, तर तिच्यातून शिरणाऱ्या प्रकाशाने फिल्मचे काही बिघडत नसे. काळोख्या खोलीतला तांबडा दिवाही त्याच कारणासाठी. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, आणि सरस्वतीबाईंनी फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे घरातच शिकून केली. त्या काळच्या फिल्मला तांबडे दिसत नव्हते, म्हणूनच घरातल्या एखाद्या बंद खोलीत दिवा लावून, डोळ्यांनी पाहत, असले काम करणे शक्य होते. मूकपटांतील नटनटींच्या तोंडाला फिकट रंगाचे जाड थर दिसतात, त्याचे कारणही हेच. कातडीत तांबूसपणा असतो. ऑर्थोला तो दिसत नाही, आणि चेहरा काळवंडतो.

स्टुडिओवाल्यांना हे पुरते ठाऊक होते. उत्तरेकडून येणारा, निळसर झाक असलेला उजेड मिळावा म्हणून ते छताला काचा बसवीत. शिवाय निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक काम करीत. पेन्सिल फिरली तेथे निगेटिव्ह गडद होते, आणि गडद झाली तेथे छापील चेहरा उजळतो. मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवायचा असला की हे काम विशेष मन लावून होई. म्हणजे आधी फिल्म मुलीला काळी करणार, मग फोटोग्राफर तिला गोरी करणार, आणि मुलाकडची मंडळी त्या कागदावरून होकार-नकार कळवणार. मुलगी प्रत्यक्षात कशी होती हे या साऱ्या व्यवहारात कोठेच नव्हते. किती ठिकाणी नकार आले असतील, त्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्यातल्या काही नकारांना इओसिन कमी पडले, असे म्हटले तर वाचक हसतील. पण हसून झाल्यावर थोडा विचारही करतील. चौकटीतल्या मोठ्या फोटोंना पुढे रंगारी हात लावीत. त्यांचा कुंचला बहुधा सर्वांत आधी कुंकवाकडे वळत असावा. ते काळे राहिलेले घरधनिणीला कसे खपणार?

वाचून हे पटते, पण डोळ्यांना पटत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात त्या बिऱ्हाडातील एका तरुण भाच्याबरोबर आम्ही जवाहर चौकातच एक प्रयोग केला. आजोबांचा जर्मन बनावटीचा आग्फा इझोलेट त्यांच्याकडे होता. घडी उघडली की काळ्या भात्याच्या टोकाला भिंग पुढे येते. भात्याला छिद्र पडले आहे का, हे अंधारात आत विजेरी धरून पाहिले. भाता शाबूत होता. त्याला १२० नंबरचा रोल लागतो. हा नंबर कोडॅकने १९०१ साली काढला आणि तो आजही मिळतो. कॅमेऱ्यांच्या किती जाती आल्या आणि गेल्या, रोल तोच. इल्फर्ड कंपनीने ऑर्थो फिल्म २०१९ पासून अशा रोलमध्ये पुन्हा आणली आहे. एक रोल तिचा घेतला. दुसरा घेतला सर्व रंग दिसणाऱ्या, म्हणजे पॅनक्रोमॅटिक, जातीचा. प्रत्येकात बारा चित्रे. सकाळचे ऊन, तीच माणसे, त्याच जागा; आधी एक रोल संपवायचा, मग दुसरा.

घरातल्या मावशींनी कपाळभर कुंकू लावून पहिली बैठक दिली. मग पूजेच्या सामानाच्या दुकानातली हळदीकुंकवाची रास, फुलांच्या हातगाडीवरचा पिवळा आणि भगवा झेंडू, सायकलवर बांधलेले स्वयंपाकाच्या गॅसचे तांबडे सिलिंडर, एक निळी स्कूटर आणि वर स्वच्छ आकाश. सिलिंडरवाला थांबायला तयार नव्हता. कॅमेरा पाहून थांबला, आणि ‘यात दिसतं कुठे?’ म्हणून पाठीमागच्या काचेत डोकावू लागला.

ऑर्थोचा रोल न्हाणीघरात तांबड्या दिव्याखाली धुतला. ही मौज पॅनक्रोमॅटिकच्या नशिबी नाही. तिला तांबडेही दिसते, म्हणून ती पूर्ण अंधारात डब्यात बंद करावी लागते आणि घड्याळावर विश्वास ठेवावा लागतो. येथे मात्र पांढुरक्या फितीवर हळूहळू काळे डाग उमटताना दिसतात. सर्वांत आधी आकाश उमटले. भाचा मोबाइलवर शेकडो फोटो काढणारा. तो दहा मिनिटे एक अक्षर बोलला नाही. मग हायपो, मग पाणी, मग दोरीवर चिमट्याने टांगणे.

दोन्ही रोलांचे फोटो शेजारी ठेवले तेव्हा वादाला जागा उरली नाही. पॅनक्रोमॅटिकमध्ये मावशींचे कुंकू मध्यम करडे, चेहरा जसा आहे तसा. ऑर्थोमध्ये कुंकू काजळासारखे, ओठ गडद, गालांवरचा एकेक वांग ठळक, आणि वय दहा वर्षांनी वाढलेले. मावशींनी तो फोटो उलटा करून ठेवला. गॅसचे सिलिंडर कोळशासारखे काळे. पिवळा झेंडू राखाडी, भगवा जवळजवळ काळा. उलट निळी स्कूटर पांढुरकी, आणि आकाश कोऱ्या कागदासारखे. ढगाचा पत्ता नाही. कुंकवाची रास पाहून तर कोणालाही ती बुक्क्याची वाटावी. हळदीची रास शेजारी होती म्हणून दुकान ओळखता आले.

आता भिंगाविषयी थोडे. भिंगाचेही स्वभाव असतात आणि तेही साक्षीत मिसळतात. स्वस्त कॅमेऱ्याला एकच साधे भिंग असे. ते मधला भाग नीट दाखवी आणि कोपऱ्यांकडे विरघळत जाई. जुन्या समूहचित्रांत मध्यभागी बसलेले आजोबा, जावई, पाहुणे सुरेख स्पष्ट, आणि कडेची मंडळी धूसर दिसतात. ‘ही पोरे हलली’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा पोरे हललेली नसतात. भिंग तेवढेच असते. कडेला उभे कोण केले जाई, हे सांगायला नको. आश्रित, लांबचे भाचे, स्वयंपाकीणबाई. आधीच कडेला, त्यात भिंगाने पुसले. याउलट १९०२ साली निघालेल्या झाइसच्या टेसारसारखे चार काचांचे भिंग कोपऱ्यापर्यंत न्याय देई, पण ते ज्याच्या त्याच्या खिशाला परवडणारे नव्हते. जुन्या भिंगांवर लेप नसतो. समोरून ऊन आले की सारे चित्र दुधाळ होते. अंगणातले पुष्कळ मुंजीचे फोटो असे धुक्यात हरवले आहेत. त्या दिवशी धुके नव्हते.

पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून बाजारात होत्या, पण घरगुती रोल कित्येक वर्षे ऑर्थोच राहिला. कोडॅकचा ‘व्हेरिक्रोम’ हा १९३१ पासूनचा लोकप्रिय रोल त्यांतलाच. तो ‘व्हेरिक्रोम पॅन’ झाला १९५६ साली. म्हणजे भोपाळ राजधानी झाले त्याच वर्षी. जवाहर चौकातील आल्बमात ही शिवण जवळजवळ बोटाने दाखवता येते. ग्वाल्हेरच्या वाड्यातली मंडळी काळ्या कुंकवाची. भोपाळच्या क्वार्टरासमोर, नव्या लावलेल्या रोपट्याशेजारी उभी असलेली मंडळी करड्या कुंकवाची. त्याच बायका, त्याच शालू. मुक्काम बदलला म्हणून नव्हे, रोल बदलला म्हणून त्या उजळल्या.

पुढे कॅमेरा मध्यमवर्गाच्या हातात आला त्याचे श्रेय बडोद्याला द्यावे लागेल. आग्फाचा क्लिक-थ्री बडोद्यास न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात तयार होई. ऊन की ढग, एवढेच ठरवायचे आणि खटका दाबायचा. ज्या शहराच्या कलाभवनात फाळक्यांनी छायाचित्रणाचे धडे घेतले, तेथूनच हा काळा डबा साऱ्या देशाच्या सहलींना निघाला, हे आपल्या लोकांना अभिमानाने सांगायला हरकत नाही. फिल्मही देशी निघाली. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने १९६७ पासून उत्पादन सुरू केले आणि तिचा ‘इंदू’ हा छाप घरोघर पोहोचला. तो कारखाना आता बंद आहे.

मग रंग आले, आणि काळ्या कुंकवाचा प्रश्न मिटला असे वाटले. पण रंगीत कागदांवरची रंगद्रव्ये दगा देतात. १९७० ते १९८५ या काळातील लग्नांचे आल्बम उघडून पाहा. निळी-हिरवी छटा उडून गेली आहे, आणि वधू, वर, भटजी, मांडव सगळे तांबूस झाले आहेत. आधी तांबडे दिसत नव्हते, आता तांबड्याशिवाय काही उरले नाही. आजोबांच्या मुंजीचा चांदीचा फोटो शंभर वर्षे टिकला आणि नातीच्या लग्नाचा चाळीस वर्षांत विटला.

फिल्मच्या निवडीने काय होते, याचे भोपाळमधीलच एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी ते सांगणे जड जाते. डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर पुरल्या जात असलेल्या एका अनाम बालकाचे छायाचित्र रघु राय यांनी कृष्णधवल घेतले, आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मान मिळाला. एकात मातीचा रंग दिसतो, ती त्या दिवसाची, त्या जागेची माती वाटते. दुसऱ्यात रंग नाही, म्हणून ते कोणत्याही काळातले, कोणाचेही मूल होऊन बसते. कोणते अधिक खरे, हे मला ठरवता आलेले नाही.

डब्यांकडे वळू. छापील फोटो विटला तरी निगेटिव्हमध्ये पुष्कळ शिल्लक असते, आणि नेमकी तीच फेकली जाते. फिल्ममधील चांदीसाठी ती वजनावर विकत घेणारेही आहेत. मोठ्या संस्थांतही सारे सुरक्षित राहिले असे नाही. पुण्याला जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. नायट्रेट फिल्म झटकन पेट घेते. कोडॅकने ती करणे १९५० च्या सुमारास थांबवले. घरातील फितीच्या कडेवर इंग्रजीत ‘सेफ्टी’ हा शब्द दिसला, तर ती भीती नाही. त्याच कडेवर पुष्कळदा फिल्मचे नावही छापलेले असते. ‘पॅन’ हा शब्द आहे की नाही ते पाहावे. कुंकवाचा निकाल तेथेच लागतो. डबा उघडताच शिरक्याचा वास आला, तर ती फिल्म कुजू लागली आहे. ती इतरांपासून वेगळी करावी आणि तिच्या प्रती आधी काढून घ्याव्यात, कारण हा रोग शेजारच्या फितींना लागतो. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, साधी कागदी पाकिटे बरी. माळा नको, तेथे उन्हाळ्यात भट्टी होते. कपाटाचा खालचा कप्पा चांगला.

आणि संगणकाकडे फोटो देण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईंना रंग विचारून घ्यावेत. पुरुषांना विचारून उपयोग नाही, त्यांना आठवत नाहीत. जवाहर चौकातील त्या डब्यात एका पाकिटावर कोणा शहाण्या बाईने बारीक बाळबोध अक्षरात लिहून ठेवले आहे: ‘शालू डाळिंबी, काठ हिरवे, खण शेवाळी.’ आतली निगेटिव्ह ऑर्थोची आहे, आणि तिच्यावरून काढलेल्या फोटोत सारे काळे. जे फिल्मला दिसले नाही ते तिने पाकिटावर लिहिले. आपणही लिहावे, शाई नको, ती पुढे फुटते. मऊ पेन्सिल घ्यावी, आणि फोटोच्या मागे लिहायचे असेल तर तो काचेवर पालथा ठेवून हलक्या हाताने लिहावे, म्हणजे अक्षरांचे वळ पुढच्या बाजूला उमटत नाहीत.